रविवारची ड्यूटी

आबा कुणाला नुसतं जेवायला बोलावत नसत. मेडिकल कॉलेजच्या डीनपदावरून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांची पद्धत तीच राहिली होती: आधी बोलावणं धाडायचं, मग बसवायचं, मग विषय काढायचा. म्हणून ‘रविवारी दुपारी सगळ्यांनी यायचं’ असा फोन आला तेव्हा आत्या आपल्या वहिनीला म्हणाली होती, “जेवण नावाला, मीटिंग असणार. मी घरून खाऊन येते.”

आली मात्र उपाशीच. मागच्या वर्षी आबांशी झालेल्या भांडणानंतर ती या टेबलाशी पहिल्यांदाच बसत होती, आणि तिची नेहमीची खुर्ची कुणी हलवली नाही हे तिने आल्या आल्या पाहून ठेवलं होतं.

आबा टेबलाच्या टोकाला. त्यांच्या उजव्या हाताला त्यांचा मुलगा. मेडिसिन विभागातल्या एका युनिटचा प्रमुख. हॉस्पिटलात सगळे त्याला ‘सर’ म्हणत, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की बायकोही रागावली की ‘सर’च म्हणायची. त्याच्यासमोर आत्या, त्याची धाकटी बहीण, भूलतज्ज्ञ. मुलं दोन. थोरला लंबू, बापाच्याच युनिटात निवासी डॉक्टर. धाकटी भिंगरी, शेवटच्या वर्षाला, आणि सध्या तिची बॅचही त्याच युनिटात शिकायला. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव. आताही टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता आणि पाण्याचे पेले थरथरत होते.

“पाय,” आई हळूच म्हणाली. आई या घरातली एकटी बिगरडॉक्टर. ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची.

पाय थांबला. क्षणभराने पुन्हा सुरू झाला.

लंबू सगळ्यात शेवटी आला. वॉर्डातून तासाभरासाठी सुटून. शेजारच्या युनिटातल्या मित्राला फोन सांभाळायला सांगितलं होतं. अंगात कालचाच शर्ट.

“बसा,” आबा म्हणाले. सगळे बसलेलेच होते. “गुरुवारी निवड समितीपुढे मुलाखत आहे. दोनच नावं आहेत, आणि दुसऱ्या नावात फारसा दम नाही. म्हणजे झालंच म्हणायचं. ज्या खुर्चीत मी बसलो, तिथे आता हा बसेल.” त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. असं ते क्वचित करत. “त्यामुळे गुरुवारपर्यंत या घरातून एकही वेडंवाकडं पाऊल पडायला नको. कुणाशी वाद नाही, कुठे तक्रार नाही. एवढंच सांगायचं होतं. सूप घ्या.”

सूप वाढलं गेलं. आत्याने भावाकडे पाहून भुवया उंचावल्या.

भिंगरीने चमचा उचलला, परत ठेवला. दोन दिवस ती हे बोलायची वेळ शोधत होती. काल रात्री अंथरुणात पडून तिने वाक्यं जुळवली होती, सकाळी आंघोळ करताना मोडली होती, येताना रस्त्यात पुन्हा जुळवली होती. आता सगळी एकदम घशाशी आली.

“मग मला आत्ताच सांगायला हवं,” ती म्हणाली. “उद्या आमची बॅच दुपारनंतर वॉर्डात थांबणार नाही.”

आबांनी चमचा वाडग्यात ठेवला.

“थांबणार नाही म्हणजे?” आबा.

“सकाळी पेशंट बघू, क्लिनिकला बसू. दुपारनंतर लायब्ररीत जाऊ. ट्रॉल्या ढकलणार नाही, रक्ताचे नमुने लॅबला पोहोचवणार नाही, रिपोर्ट आणायला धावणार नाही. अधीक्षकांना भेटून तसं सांगायचं ठरलंय. आणि सांगायला मला पुढे केलंय.”

“तुलाच का?” आईने विचारलं.

“सरांची मुलगी म्हणून. मला कुणी नापास करणार नाही असं त्यांना वाटतं.”

सर पहिल्यांदाच बोलले. “मला कधी सांगणार होतीस?”

“आत्ता सांगितलं ना, बाबा.”

“आज रविवार आहे.”

“तुम्ही रविवारशिवाय घरी भेटता कुठे?”

आत्याला हसू आलं, ते तिने नॅपकिनमध्ये दडवलं. आबांना मुळीच आलं नाही.

“अगं, वॉर्डात राबल्याशिवाय डॉक्टर होतं का कुणी?” ते म्हणाले. “आम्ही काय पुस्तकं चाटून सर्जन झालो? पेशंटच्या उशाशी बसून झालो. कपडे बदलायला घरी जायचो तेवढंच. तुमच्या पिढीला सगळं सावलीत बसून हवं.”

“पेशंटच्या उशाशीच बसायचंय, आबा! तेच होत नाही.” भिंगरीचा आवाज चढला. “सकाळी नमुने, मग एक्स-रेची ट्रॉली, मग कालचे रिपोर्ट, मग हरवलेले रिपोर्ट. पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावते तोवर हाक येते. संध्याकाळी खोलीवर जाऊन पुस्तक उघडलं की अक्षरं पोहायला लागतात. महिन्यावर परीक्षा आलीय. तिथे मला कुणी विचारणार नाही की कुठली लिफ्ट बंद आहे. तेवढं एकच मला पाठ आहे.”

“बरोबर बोलतेय ती,” आत्या म्हणाली. “आबा, तुम्ही राबलात खरं. पण तुमच्या पाठीमागे तुमचे सर उभे असायचे. चुकलात की तिथल्या तिथे कान पिळायचे. आता या मुलांच्या पाठीमागे कोण असतं? ट्रॉली ढकलण्याला प्रशिक्षण म्हणायचं, म्हणजे भांडी घासण्याला स्वयंपाकाचा क्लास म्हणण्यातला प्रकार.”

“तू तुझ्या भुलीचं बघ.”

“बघतेच. मी निदान पेशंटला झोपवते. दादाच्या युनिटात डॉक्टरच झोपतात.”

हे बोलताना तिची नजर सहज लंबूकडे गेली. लंबू सुपाच्या वाडग्याकडे एकटक बघत होता. सुपावर साय धरली होती.

“लंबू,” आईने हाक मारली.

“हं. ऐकतोय.” त्याने मान वर केली. “सगळं ऐकतोय. भिंगरी, एकच सांग. उद्या दुपारी तुम्ही लायब्ररीत गेलात की नमुने कोण नेणार?”

टेबलाखाली भिंगरीचा पाय थांबला.

“मी सांगतो. मी नेणार. युनिटात निवासी असायला हवेत चारजण, आहोत दोघे. त्यातली एक आजारी पडलीय. म्हणजे मीच. तुम्ही गेलात की ट्रॉली मी, रिपोर्ट मी, नवीन पेशंट मी आणि जुन्याचे नातेवाईकही मी. माझीही परीक्षा आहे. माझं पुस्तक कुठे आहे तेसुद्धा मला आठवत नाही.” तो मोठ्याने बोलत नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं. “तू मला विचारायला हवं होतंस.”

“तू असतोस कुठे विचारायला?”

“रोज भेटतेस की वॉर्डात.”

“वॉर्डात तू मला हाक मारतोस, लंबू. बोलत नाहीस.”

आईला वाटलं, आता हे दोघं रडतील किंवा भांडतील. दोन्ही झालं नाही. दोघंही आपापल्या ताटाकडे बघत राहिली. आणि तिच्या लक्षात आलं की टेबलावरचे पक्ष बदललेत. आत्या मघाशी भिंगरीच्या बाजूला होती. तिने आता खुर्ची जराशी लंबूकडे वळवली होती.

“मग असं करा,” आत्या म्हणाली, “उद्याचं पुढे ढकला. आधी युनिटाला माणसं मिळू देत.”

“तेच मी म्हणतोय!” आबांना अनपेक्षित मित्र मिळाला. “गुरुवार जाऊ दे. हा एकदा डीन झाला की रिकाम्या जागा भरून घेईल. आज बोभाटा झाला तर समिती काय म्हणेल? ज्याला आपलं युनिट सांभाळता येत नाही, तो कॉलेज काय सांभाळणार?”

“जागा रिकाम्या आहेत हे समितीला माहीत नाही?” भिंगरीने विचारलं.

सर पेला उचलून पाणी प्यायले. वर्षभर अधीक्षकांच्या प्रत्येक बैठकीत त्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं: आमचं युनिट व्यवस्थित चाललंय. ते खोटंही नव्हतं. पेशंट येत होते, बरे होऊन जात होते. गाडी चालू होती. चाकाखाली कोण आहे ते त्यांनी वाकून पाहिलं नव्हतं, इतकंच.

“चार दिवस, भिंगरे,” आई म्हणाली. ती घरात शांतता राहावी म्हणून बोलत होती. तिचं तिलाही ते कळत होतं. “चार दिवस थांबलीस तर काय बिघडेल?”

भिंगरीने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. लंबूकडे पाहून तिचा धीर सुटला. “मी बॅचला काय तोंड दाखवू?” असं म्हणता म्हणता ती थांबली. “बरं. विचारते त्यांना.”

“शहाणी आहेस,” आबा म्हणाले, आणि जेवण पुढे सरकलं.

लंबूने दोन घास खाल्ले आणि उठला. “निघतो. मित्राला सांगून आलोय, तो तरी किती वेळ सांभाळणार?”

“फळं तरी खा.”

“तिकडे खाईन, आई.”

त्याने गाडीची किल्ली उचलली. जाताना भिंगरीच्या डोक्यावर टपली मारली. तिने मान काढून घेतली नाही.

आईने ताटं गोळा करायला घेतली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तिने पेले उचलले, टेबल पुसलं. गाडीचा आवाज येतच होता. दूर जात नव्हता, बंदही होत नव्हता. तिचे हात आपोआप थांबले. काहीतरी आपटल्यासारखं झालं, फार मोठं नाही, कुणी दार ढकलावं तसं.

ती ओल्या हातांनीच बाहेर धावली.

गाडी फाटकातून तिरकी बाहेर गेली होती आणि शेजारच्यांच्या कुंपणाच्या भिंतीला नाक टेकून उभी होती. कुंपणावरच्या दोन कुंड्या रस्त्यावर फुटल्या होत्या. लंबूचं डोकं स्टिअरिंगवर होतं. दार उघडून तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि मग तिला कळलं. त्याला काही लागलं नव्हतं. तो झोपला होता. इंजिन चालू, भिंतीपलीकडे मोठा रस्ता, आणि हा लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून झोपला होता.

“लंबू. लंबू!”

“हो, आलो, कितव्या नंबरची खाट?” तो दचकून म्हणाला. मग त्याने भिंत पाहिली. आईला पाहिलं. “अगं, काही नाही. डोळा लागला जरा. घेतो मी गाडी मागे, जाऊ दे मला.”

आईने हात आत घालून किल्ली फिरवली, काढली आणि मुठीत धरली.

“तू कुठेही जात नाहीयेस.”

“आई, वॉर्डात कोणी नाही.”

“उतर.”

तोवर सगळे बाहेर आले होते. आबा काठी टेकत दाराशी, आत्या अनवाणी रस्त्यावर. आत्याने लंबूच्या डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, नाडी धरली, सवयीने. “याला झोप हवीय. दुसरं काही नाही,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा तिखट लागला नाही.

सर भिंतीशी उभे होते. ही भिंत आडवी नसती तर पुढे दहा पावलांवर मोठा रस्ता होता. त्यांची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती.

“याला आत ने,” ते म्हणाले. “मी बघतो कुणी पर्यायी... आज रविवार, कुणाला...”

“कुणाला बोलावताय?” आईने विचारलं.

“वॉर्ड असा रिकामा ठेवता येत नाही.”

“मग तुम्ही आहात ना, सर.”

ती ओरडली नाही. शाळेत ती मुलांशी बोलायची तसं, चेहरा समोर धरून, ओठ स्पष्ट हलवत बोलली. दाराशी आबा काही बोलणार होते. तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं. “आबा, मघाशी मी तुमच्या बाजूने बोलले. आता नाही. हा मुलगा आज घरी झोपेल आणि त्याचं काम त्याचे सर करतील.”

सरांनी हात पुढे केला. आईने किल्ली त्यात ठेवली.

गाडी मागे घेऊन वळवेपर्यंत भिंगरी पलीकडचं दार उघडून शेजारी येऊन बसली. अ‍ॅप्रन मांडीवर, स्टेथोस्कोप गळ्यात.

“तुमचा तर बहिष्कार आहे ना?”

“उद्यापासून,” ती म्हणाली. “आज रविवार आहे.”

*

“सर, आत्ता राऊंड?” वॉर्डातली सिस्टर खुर्चीवरून उठली.

“राऊंड नाही. ड्यूटी.”

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने मान हलवली.

सर रोज सकाळी या वॉर्डातून जात. त्यांच्या आधी वॉर्ड आवरलेला असे, खाटांशेजारी डॉक्टर कागद घेऊन उभे असत, रिपोर्ट हातात येत. रिपोर्टना पाय फुटून ते येत नाहीत हे त्यांना अर्थात माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. आज खाटांच्या मधल्या जागेत गाद्या घातलेल्या होत्या आणि त्यांवरही माणसं होती. त्यांना ओलांडून जावं लागत होतं.

पहिल्या तासात त्यांनी एका पेशंटला तपासायला तीनदा सुरुवात केली. पहिल्यांदा फोन आला. दुसऱ्यांदा कोपऱ्यातल्या बाईच्या सलाईनची सुई निघाली. तिसऱ्यांदा एक माणूस येऊन म्हणाला, “माझ्या वडिलांचं काय ठरलं? सकाळपासून मी चौघांना विचारलं.” त्याच्या वडिलांचं काय ठरलं होतं ते सरांनाच आठवेना. सकाळी त्यांनीच ठरवलं होतं. मधेच त्यांना कोटाच्या खिशात रक्ताच्या दोन नळ्या सापडल्या. लॅबला द्यायच्या म्हणून ठेवल्या होत्या आणि साफ विसरले होते.

“द्या इकडे,” भिंगरी म्हणाली. “मी जाते.”

“नको. मीच जातो.”

लॅब पलीकडच्या इमारतीत, लिफ्ट बंद. परत येईपर्यंत त्यांना धाप लागली होती. आणि जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभं असताना त्यांच्या मनात आलं, या वेळात मी एका पेशंटची छाती नीट ऐकली असती. त्यांना स्वतःचाच राग आला. हे वाक्य दुपारी जेवताना त्यांनी मुलीच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ऐकून पाणी प्यायले होते.

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा टॅक्सीवाला होता. दम्याचा पेशंट. आठवडाभर वाफ आणि औषधं चालू होती, फरक म्हणावा तसा नव्हता. आडवं झालं की घुसमटायचं, म्हणून तो उशा रचून बसल्या बसल्या झोपायचा. भिंगरी त्याच्या खाटेशी वाकली होती. तिला आज कुणी हाक मारली नव्हती. हाका मारणारा घरी झोपला होता आणि वडील स्वतःच धावत होते. तिने सहज स्टेथोस्कोप लावला, आणि मग बराच वेळ काढला नाही.

तिला खात्री नव्हती. काहीतरी होतं. किंवा नव्हतं. तिचंच रक्त कानात वाजत असेल. हे पुस्तकात वाचलेलं आठवत होतं की फक्त पान आठवत होतं? वडिलांना बोलवावं की नको? चुकीचं निघालं तर दुपारी टेबलावर केलेल्या गर्जनेचं हसं.

“बाबा,” तिने हाक मारली. मग, “सर. जरा इकडे येता?”

सर आले. फोन वाजत होता. त्यांनी तो बंद करून खिशात टाकला.

“काय ऐकलंस?”

“सांगता येत नाही. म्हणजे, दम्याची शिट्टी आहेच. पण खाली, हृदयाजवळ काहीतरी वेगळं आहे.”

“त्यांना डाव्या कुशीवर वळव. हळू. आता स्टेथोस्कोपची छोटी बाजू लाव, घंटेची. दाबू नकोस, नुसती टेकव. डोळे मिट. घाई करू नकोस. मी उभा आहे.”

भिंगरीने डोळे मिटले. वॉर्डातले आवाज एकेक करून मागे सरले, खोकला, भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी कण्हणं. मग ते आलं. दूरच्या खोलीत कुणीतरी जड टेबल ओढत असावं तसं, खालच्या पट्टीत, प्रत्येक ठोक्याआधी.

“गडगड,” ती डोळे न उघडता म्हणाली. “ठोक्याच्या आधी. वाढत जाते.” तिने डोळे उघडले. “हृदयाची झडप अरुंद झालीय. मायट्रल. हा नुसता दमा नाहीये, बाबा! फुप्फुसांत पाणी साठतंय.”

सरांनी आपला स्टेथोस्कोप लावला. वाकून, वेळ घेऊन ऐकलं. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. या खाटेसमोरून ते रोज सकाळी गेले होते.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “पाणी उतरवायचं इंजेक्शन सुरू करू. उद्या सकाळी पहिलं हृदयाची सोनोग्राफी.”

म्हातारा धापेतूनही हसला. “या ताई रोज येतात,” तो म्हणाला. “रक्त काढतात नि पळतात. कान आज लावला.”

भिंगरीला ते लागलं. पण तिच्यापेक्षा वडिलांना जास्त लागलं, हे तिने पाहिलं. ते खाटेची कड धरून उभे राहिले होते.

संध्याकाळी शेजारच्या युनिटातला डॉक्टर वॉर्ड सांभाळायला आला, आणि सरांनी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन अधीक्षकांना फोन लावला. भिंगरी दारात उभी होती. तिला त्यांनी जा म्हटलं नाही.

“माझं युनिट चालत नाहीये,” सर म्हणाले. “नाही, आजच नाही. वर्षभर चालत नाहीये, मी चालतंय म्हणत होतो. उद्यापासून खाटा भरल्या की माझ्याकडे नवीन पेशंट नको, इतर युनिटांत वाटा. माझ्या रिकाम्या जागा भरेपर्यंत. आणि विद्यार्थी दुपारनंतर वॉर्डात नसतील. सकाळी असतील, शिकायला. ने-आण करायला माणसं तुम्ही द्यायची.”

पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. सर ऐकत राहिले. टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं वाजत होती, अगदी भिंगरीच्या पायासारखी.

“हो, मला माहीत आहे गुरुवारी मुलाखत आहे,” ते शेवटी म्हणाले. “विचार करायला बसलो तर बोलणार नाही. म्हणून आत्ताच बोलतोय.”

फोन ठेवल्यावर ते तिच्याकडे वळले. “उद्या तुम्ही अधीक्षकांना भेटायला जाल तेव्हा मीही येतो.”

“आमच्या बाजूने?”

“शेजारी बसेन. बोलायचं तूच. आणि एक सांगतो, दुपार मोकळी मिळाली म्हणून सकाळी उशिरा आलेलं मला चालणार नाही.”

“बाबा!”

“सांगून ठेवलं.”

*

घरी आत्या गेली नव्हती. शेजाऱ्यांकडे जाऊन कुंड्यांबद्दल दिलगिरी व्यक्त करून आली होती आणि आता आईबरोबर स्वयंपाकघरात बसली होती. सरांनी काय केलं ते तिथेच, उभ्या उभ्याच सांगितलं.

“डीनपद गेलं,” आत्या म्हणाली.

“बहुतेक.”

“आबांना कोण सांगणार?”

“मी सांगितलं. आत्ता, आत येताना.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. पेपर वाचत होते, वाचत राहिले.”

आईने नवऱ्यापुढे ताट ठेवलं. “बसा,” ती म्हणाली, आणि ‘सर’ म्हणाली नाही.

लंबूला जाग आली ती अंधार पडताना. तो धडपडत उठला, एक चप्पल पायात घालून दिवाणखान्यात आला. “किती वाजले? मला कुणी उठवलं का नाही? वॉर्डात...”

“बाबा जाऊन आले,” भिंगरी म्हणाली. “तुझी रात्रीची ड्यूटीही दुसऱ्याला दिलीय. उद्या सकाळी ये म्हणालेत.”

“मग आत्ता मी काय करू?”

“झोप. नाहीतर अभ्यास कर.”

लंबू उभाच राहिला. झोप झाली होती. पुस्तक कुठे होतं कोण जाणे. एक अख्खी संध्याकाळ त्याच्यासमोर पडली होती आणि तिचं काय करतात ते तो विसरून गेला होता. तो खिडकीपर्यंत गेला. परत आला. हात खिशाकडे गेला, फोन वाजला नव्हता. पुन्हा खिडकी. पुस्तकांच्या कपाटासमोर थांबला, एकही पुस्तक काढलं नाही, पुन्हा चालू लागला.

आबा आपल्या खुर्चीत पेपर उघडून बसले होते. पान त्यांनी मघापासून उलटलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट मागितली होती आणि ती आज दुपारपर्यंत हाताशी होती. मुलाने ती एका फोनवर सोडून दिली. त्यांना ओरडावंसं वाटत होतं. स्वयंपाकघरातून ताटात चमचा हलल्याचा आवाज येत होता. त्यांचा मुलगा जेवत होता, सावकाश, लहानपणी तापातून उठल्यावर जेवायचा तसा.

“खाली बस,” ते नातवाला म्हणाले. “तुझ्या येरझाऱ्या बघून मला चक्कर येतेय.”

लंबू त्यांच्या पायाशी गालिच्यावर बसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “आबा, तुम्ही रागावलात?”

“रागावलोय.”

“माझ्यावर?”

“तुझ्यावर कशाला?”

“बाबांवर?”

आबांनी पेपराची घडी घातली. नीट, कडेला कड जुळवून.

“त्याच्यावर उद्या रागवेन,” ते म्हणाले. “आज तो ड्यूटी करून आलाय. जेवू दे त्याला.”